वाटणीच्या आधी आई: नागपुरातल्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब नागपुरात प्रतापनगरच्या बाजूला राहतं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि माणसांचा उल्लेख नात्यानंच केला आहे. मी ज्येष्ठ नागरिकांच्या मालमत्तेच्या नियोजनात कुटुंबांना मदत करते. कायद्याचं काम त्यांच्या वकिलांनी केलं. बहुतेक बैठकांना मी हजर होते.

बाबा तेव्हा 77 वर्षांचे होते. हिंगणा एमआयडीसीतल्या एका खासगी कारखान्यातून निवृत्त झालेले. आई 71 वर्षांच्या, त्यांनी नोकरी कधी केली नाही. मोठा मुलगा पुण्यात नोकरीला, ताई अमरावतीला सासरी आणि शाळेत शिक्षिका. धाकटा बायको-मुलांसह याच घरात वरच्या मजल्यावर राहतो. त्याचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे.

घराचा प्लॉट नागपूर सुधार प्रन्यास या शहरविकासाच्या सरकारी संस्थेच्या लेआउटमधला, 1984 साली तीस वर्षांच्या लीजवर घेतलेला. तळमजला बाबांनी बांधला. वरचा मजला धाकट्यानं 2012 मध्ये स्वतःच्या नावावर कर्ज काढून चढवला, पण कागदावर सगळं घर बाबांचंच. काटोल तालुक्यात सहा एकर वावर, त्यात संत्र्याची बाग. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत 15 लाख, बँकेत 9 लाखांच्या मुदतठेवी आणि आईंचं थोडं सोनं. ईपीएस-95 ची, म्हणजे खासगी नोकरदारांच्या भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेली, पेन्शन महिन्याला दोन हजारांच्याही आत.

2023 च्या दिवाळीनंतर बाबांनी एकच वीजबिल दोनदा भरलं. मग एके दिवशी वावराकडे जाताना, चाळीस वर्षं जायच्या रस्त्यावर, ते भलत्याच फाट्याला उतरले. न्यूरोलॉजिस्टांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचं सांगितलं. सकाळी बाबा अगदी ठीक असायचे, संध्याकाळी गोंधळायचे.

प्रश्न कसा पुढे आला

घरात पहिली वाच्यता धाकट्यानं केली. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की वडिलांनी मुलाला राहतं घर बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये लागतं, स्थानिक अधिभार काय तो वेगळा. त्यानं मसुदाच करून आणला. त्याच्या मनात खोट नव्हती. वरच्या मजल्याचे हप्ते तो दहा वर्षं भरत होता आणि त्याला एकच भीती होती: बाबा गेल्यावर दादा म्हणेल, चौघांचं घर आहे, विकून टाकू.

मोठ्याचं म्हणणं वेगळं. घर जुनं झालंय, आईबाबांना जिना चढवत नाही, विकून बेसा किंवा मनीषनगरला लिफ्टचा फ्लॅट घेऊ, उरलेले पैसे त्यांच्या नावावर ठेवू. वावराबद्दल मात्र दोघं भाऊ एका सुरात बोलले: ताईचं हक्कसोडपत्र घेऊन टाकू. मोठा फोनवर म्हणाला, "ताईचं लग्न 98 सालीच झालं, तिचा हक्क लागतच नाही. सही फक्त कागदापुरती."

ताई गप्प राहिली. तिनं मला नंतर सांगितलं, "मला जमीन पाहिजे असं नाही. पण मला कोणी विचारलंच नाही."

पहिल्या बैठकीला तिन्ही मुलं आपापल्या मुद्द्यावर पक्की होती. आईंचं पुढे काय, हा विषय कोणीच काढला नाही. आई स्वतः चहा करायला उठल्या होत्या.

आधी हिशेब आईंचा

वाटणीचा कागद बाजूला ठेवून आम्ही एक साधा हिशेब मांडला. बाबांच्या मागे आईंच्या हातात महिन्याला काय येईल? पोस्टातल्या 15 लाखांवर 8.2 टक्क्यांनी वर्षाला 1,23,000 रुपये, म्हणजे महिन्याला 10,250. बँकेतल्या ठेवींचे साधारण पाच हजार. विधवा पेन्शन बाबांच्या पेन्शनच्या निम्म्याच्या आसपास, हजारभर रुपये. एकूण सव्वासोळा हजार. औषधं, किराणा आणि दिवसभराची बाई धरून आईंचा खर्च 25 हजारांच्या घरात जात होता. बाबांच्या शेवटच्या आजारपणात ठेवी मोडाव्या लागल्या तर फरक आणखी वाढणार होता.

या आकड्यांनी बैठकीचा सूर बदलला. मोठा मुलगा बराच वेळ बोलला नाही. धाकट्यानं मसुदा घडी करून खिशात घातला.

मग पासबुकं काढली. पोस्टाच्या खात्यावर नामनिर्देशन (नॉमिनी म्हणून नाव) मोठ्या मुलाचं निघालं. बाबांनी "थोरला आहे" म्हणून सहज लिहिलं होतं. या योजनेत जोडीदार संयुक्त खातेदार किंवा एकमेव नामनिर्देशित असेल तर खातेदाराच्या मृत्यूनंतर तेच खाते मुदत संपेपर्यंत त्याच व्याजदरानं चालू ठेवता येतं. मुलगाच नामनिर्देशित राहिला असता तर खातं बंद होऊन पैसे त्याच्या हाती आले असते आणि आईंना ते पुन्हा त्याच्याकडून घ्यावे लागले असते. एका अर्जानं हे दुरुस्त झालं. बँकेतल्या ठेवीही दोघांच्या नावे, आयदर ऑर सर्व्हायव्हर पद्धतीनं (दोघांपैकी कुणालाही, किंवा मागे राहील त्याला पैसे मिळतील अशा) करून घेतल्या.

नामनिर्देशित माणूस मालक होत नाही, तो वारसांच्या वतीनं पैसे स्वीकारतो, हे इथे तिघांनाही समजावून सांगावं लागलं. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये हेच म्हटलं आहे. पण मालकीचा प्रश्न सुटेपर्यंत पैसा कुणाच्या हाताशी राहतो, याला घरात फार महत्त्व असतं. म्हणून ते नाव नीट असायला हवं.

घराबाबत तोललेले पर्याय

काहीच न करणं हा पहिला पर्याय. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार स्वकष्टाच्या घरात आई आणि तीन मुलं यांचा प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा होतो. आई स्वतःच्या घरात चौथ्या हिश्श्याच्या मालक म्हणून राहणार आणि चौघांपैकी कोणीही वाटणी मागू शकणार. धाकट्याच्या दहा वर्षांच्या हप्त्यांची यात कुठेच नोंद नाही.

मोठ्याचा विक्रीचा प्रस्ताव फार टिकला नाही. लीज 2014 मध्येच संपलं होतं आणि नूतनीकरण कुणी केलंच नव्हतं. ग्राउंड रेंट, म्हणजे प्लॉटचं भाडंही थकलेलं. अशा घराला कर्ज घेऊन येणारं गिऱ्हाईक मिळत नाही. त्यापेक्षा मोठी गोष्ट डॉक्टरांनी सांगितली: या आजारात ओळखीचं घर सुटलं की गोंधळ झपाट्यानं वाढू शकतो.

बक्षीसपत्रावर सर्वांत जास्त चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती. ते नोंदलं गेलं की मालकी त्याच क्षणी जाते. मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 मध्ये एक आधार आहे. देखभालीच्या अटीवर मालमत्ता दिली आणि देखभाल झाली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकतं. पण ती अट दस्तात असायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं होतं, आणि धाकट्यानं आणलेल्या मसुद्यात अशी एक ओळही नव्हती. (जानेवारी 2025 च्या निकालात न्यायालयानं या कलमाचा आईवडिलांच्या बाजूनं उदार अर्थ लावला. तरीही अट लिहून घेणंच शहाणपणाचं.) शिवाय स्मृतिभ्रंशाचं निदान झाल्यावर एकाच मुलाच्या नावे केलेलं बक्षीसपत्र पुढे कोर्टात टिकवणं धाकट्यालाच जड गेलं असतं.

बक्षीसपत्र करून घेणारा मुलगा वाईटच असतो असं मला कधी वाटलेलं नाही. या घरात तर आईबाबांचं सगळं धाकटा आणि त्याची बायकोच करत होते. मात्र आज चांगलं वागणाऱ्या मुलाच्या हातीही आईच्या डोक्यावरचं छप्पर पूर्णपणे सोपवू नये, हे माझं ठाम मत आहे. उद्या त्याचा धंदा बुडाला, बँकेची जप्ती आली, तोच आधी गेला, तर आईंनी कुठे जायचं?

शेवटी उरलं मृत्युपत्र. त्यातही एक पेच होता. आईंना फक्त हयातभर राहण्याचा हक्क द्यावा आणि मालकी मुलांना, असं पहिल्यांदा सुचलं. वकिलांनी सावध केलं: पत्नीला पोटगीच्या हक्कापोटी दिलेला मर्यादित हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 खाली पूर्ण मालकी ठरू शकतो, आणि तो केव्हा ठरतो यावर अनेक दशकं खटले चालले आहेत. संदिग्ध हक्कापेक्षा स्पष्ट मालकी बरी, यावर सगळे आले. वरचा मजला धाकट्याला, तळमजला आईंना पूर्ण मालकीनं. आणि आईंनी त्याच वेळी स्वतःचं मृत्युपत्र करायचं.

धाकट्यानं इथे रास्त शंका काढली. "आईनं उद्या तिचं मृत्युपत्र बदललं तर?" बदलू शकते, तो तिचा हक्क आहे, असं त्याला सरळ सांगितलं. त्यानं रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी फोन करून हो म्हणाला. त्याच्या कर्जाचे जुने बँक स्टेटमेंट आणि बांधकामाची बिलं मात्र फाइलला लावून ठेवली. तो खर्च त्याचा होता, असं बाबांच्या मृत्युपत्रातच कारण म्हणून लिहिलं गेलं.

वावराचा गुंता

खरा धक्का वावरानं दिला. घरातले सगळे त्याला वडिलोपार्जित म्हणत होते, आणि म्हणून मुलांचा जन्मापासून हक्क आहे असं धरून चालले होते. वकिलांनी तहसीलमधून जुने फेरफार आणि मूळ खरेदीखत काढायला लावलं. ते वावर आजोबांनी 1958 साली स्वतःच्या पैशानं विकत घेतलेलं निघालं. आजोबा 1981 मध्ये वारले. आजोबांची स्वकष्टार्जित जमीन वारसाहक्कानं मुलाकडे आली की ती त्या मुलाची स्वतंत्र मालमत्ता होते. नातवंडांचा त्यात जन्मसिद्ध हक्क येत नाही. म्हणजे बाबांना आपल्या हिश्श्याचं मृत्युपत्र करता येत होतं. भावांनी ताईच्या सहीचा आग्रह धरायला काही आधारच नव्हता, कारण बाबा हयात असताना सोडायला कुणाकडेच हक्क नव्हता. आणि जमीन खरोखर वडिलोपार्जित असती तरी लग्नाचं वर्ष आडवं आलं नसतं. महाराष्ट्राच्या 1994 च्या दुरुस्तीत त्याआधी लग्न झालेल्या मुलींनाच वगळलं होतं, ताईचं लग्न त्यानंतरचं; पुढे 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो भेदही काढला आणि ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलीचा हक्क जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं.

पण त्याच फेरफारांत दुसरी गोष्ट होती. आजोबांच्या मागे आजी, बाबा आणि दोन आत्या अशी चौघांची वारस नोंद झाली होती. 1983 च्या फेरफारात आत्यांची नावं कमी केलेली, "हक्क सोडल्याबाबत जबाब दिल्यावरून" इतकाच शेरा. नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठेच नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क नुसत्या जबाबानं सुटत नाही, आणि सातबारावरून नाव गेल्यानं मालकी जात नाही. महसुली नोंद महसुलापुरतीच असते. आजीही पुढे वारल्या. म्हणजे कायद्यानं सहा एकरांत बाबांचे दोन एकर, आणि दोन्ही आत्यांचे दोन-दोन.

एक आत्या वर्ध्याला हयात, दुसऱ्या वारलेल्या. त्यांना तीन मुलं.

या टप्प्यावर घरात एक सल्ला आला, नातेवाइकांपैकी एकाचा: चाळीस वर्षं झाली, कुणी विचारत नाही, तुम्ही काऊन उकरून राहिले? कायद्याच्या बाजूनंही हा भरवशाचा मार्ग नव्हता. एक सहहिस्सेदार जमीन कसतो, एवढ्यानं इतरांचा हक्क संपत नाही. तरी "गप्प राहा" हा पर्याय दोन्ही मुलांना मोहात पाडत होता, हे मी त्यांच्या तोंडावर बघत होते.

निर्णय बाबांनी केला. एका सकाळी, पूर्ण शुद्धीत, आरामखुर्चीत बसून ते म्हणाले, "बाईचं नाव मी काढलं नव्हतं, तलाठ्यानं काढलं. पण मी परत घातलंही नाही. आता घाला." मुलांपैकी कोणीही वाद घातला नाही.

वर्ध्याच्या आत्यांनी "मला काही नको बाप्पा, माहेर राहू द्या" म्हणत सही करायची तयारी दाखवली. त्यांच्या मुलीनं कागद आधी स्वतःच्या वकिलाला दाखवावा, असा आग्रह मी धरला. बहिणींची सही बहुतेक घरांत अशाच वाक्यावर घेतली जाते, आणि नंतर त्यांच्या मुलांना ते आयुष्यभर सलतं. मुलीनं कागद दाखवला. आत्यांनी विचार करून भावाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र केलं. त्याला मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. वारलेल्या आत्यांच्या मुलांनी मात्र हिस्सा मागितला, आणि तो त्यांना दिला गेला. सर्व सहधारकांच्या संमतीनं जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटप झालं: दोन एकर त्यांना, चार एकर बाबांकडे. बागेत विहीर एकच. पाण्याची पाळी, मोटारीच्या बिलाचा वाटा आणि बांधावरून जाण्याचा रस्ता हे तिन्ही मुद्दे वाटपाच्या कागदात शब्दांत लिहून घेतले. नकाशापेक्षा या तीन ओळींनी भांडणं जास्त टळतात.

मृत्युपत्र करताना

वेळ कमी होती. मृत्युपत्र करणाऱ्याची बुद्धी त्या क्षणी शाबूत असावी लागते. स्मृतिभ्रंशाचं निदान म्हणजे ती संपली असं नव्हे, पण पुढे कुणी शंका घेतली तर उत्तर तयार हवं. न्यूरोलॉजिस्टांनी त्याच आठवड्यात तपासून बाबांना आपली मालमत्ता, आपले वारस आणि आपण काय करतोय हे समजतं, असं लिहून दिलं. वकील बाबांशी एकटे बोलले. धाकट्याला त्या दिवशी मुद्दाम वर्कशॉपला पाठवलं, कारण ज्याला लाभ मिळतो तोच मृत्युपत्राच्या कामात पुढे पुढे असेल तर न्यायालय त्याकडे संशयानं बघतं.

मसुदा मराठीत, बाबांना स्वतः वाचता येईल अशा भाषेत आणि मोठ्या टायपात. साक्षीदार दोन: घरचे डॉक्टर आणि शेजारचे चाळिशीतले प्राध्यापक. निदान एका साक्षीदाराला पुढे कोर्टात यावं लागू शकतं, म्हणून बाबांच्या वयाचे मित्र टाळले. नोंदणी सक्तीची नसते, नागपूरला प्रोबेटही (मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र) कधी सक्तीचं नव्हतं, तरी इथे नोंदणी केलीच. अर्ज दिल्यावर निबंधक कार्यालयाचे अधिकारी घरी आले, वेळ सकाळची मागून घेतली होती.

चार एकर वावर तिन्ही मुलांना समान दिलं, ताईसह. आई असेपर्यंत बागेच्या उत्पन्नातून दरवर्षी त्यांच्या खात्यात आधी रक्कम जमा करायची, ही अट घातली. दादानं महिन्याला पाच हजार पाठवायचं कबूल केलं; ते मृत्युपत्रात नाही, त्यानं बँकेत स्थायी सूचना देऊन टाकली.

आईंनी आपल्या मृत्युपत्रात तळमजला तिन्ही मुलांना समान ठेवला, धाकट्याला सरकारी मूल्यांकनाच्या भावानं इतरांचे हिस्से विकत घेण्याचा पहिला हक्क देऊन.

उपचारांबाबतचं आगाऊ इच्छापत्र मीच सुचवलं होतं. 2018 च्या निकालानं ते मान्य झालं आणि जानेवारी 2023 पासून त्याची पद्धत सोपी झाली आहे: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. बाबांनी नकार दिला, "ते डॉक्टर बघतील." आईंनी स्वतःचं करून घेतलं.

परिणाम

बाबा पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात गेले. शेवटचे महिने कठीण होते. मुखत्यारपत्र असतं तरी उपयोग झाला नसता, कारण करून देणाऱ्याची समज गेली की तेही निष्प्रभ होतं. संयुक्त खात्यांमुळे दवाखान्याचा पैसा अडला नाही. पोस्टाचं खातं आईंच्या नावे चालू राहिलं. वावराचा फेरफार हरकतीविना मंजूर झाला आणि सातबारावर ताईचं नाव भावांच्या बरोबरीनं लागलं. लीजचं नूतनीकरण बाबा असतानाच सुरू केलं होतं. थकबाकी भरली आहे, नाव बदलण्याची फाइल अजून हलते आहे.

सगळं गोड झालं असं नाही. वरच्या मजल्याची किंमत आपल्या हिश्श्यात धरली गेली नाही, असं मोठ्याला अजून वाटतं. दोघा भावांचं बोलणं कामापुरतं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

लीज संपलं त्या 2014 सालीच कागद काढले असते तर बाबा 68 वर्षांचे होते. डॉक्टरी दाखल्याची, घाईची, सकाळच्या वेळेची गरजच पडली नसती, आणि आत्या दोघीही हयात होत्या. या एका उशिरानं कुटुंबाला सर्वांत जास्त त्रास दिला.

वरचा मजला चढवला त्या दिवशी भावांमध्ये एका पानाचा लेखी करार झाला असता, तर आज मोठ्याच्या मनात असलेली अढी कदाचित नसती. कर्ज बँकेचं होतं म्हणून बँकेला कागद दिले. भावाला द्यायचं कुणाला सुचलं नाही.

दुसरी गोष्ट धाकट्या सुनेची. बाबांना न्हाऊ घालणं, रात्री उठणं, औषधं देणं हे सगळं तिनं केलं. घरच्यांनी तिला पहिल्या दोन बैठकांना बसवलं नाही. वारसांच्या यादीत हयात मुलाच्या बायकोचं नाव नसतं, त्यामुळे कागदावर ती कुठेच आली नाही. पहिल्याच बैठकीला ती असती तर बाबांच्या मृत्युपत्रात तिच्यासाठी स्वतंत्र काहीतरी लिहिलं गेलं असतं, असं मला वाटतं. ताईनंही तिसऱ्या बैठकीत हेच विचारलं होतं, पण तोवर मसुदा पक्का होत आला होता.

आता आईंनी ते स्वतः मनावर घेतलं आहे. त्या आपल्या मृत्युपत्राला पुरवणी जोडत आहेत: सोनं सुनेला, आणि तळमजल्यातला धाकट्याचा तिसरा हिस्सा धाकटा आणि सून या दोघांच्या नावे. साक्षीदार तेच ठेवायचे ठरले आहेत. आईंची प्रकृती ठणठणीत आहे, तरी त्यांनी डॉक्टरांचा दाखला आधीच मागून घेतला.